गोधडी

गोधडी : जुन्या, वापराने मऊ पडलेल्या कापडांचे थर एकमेकांवर अंथरून व हाताने धावदोरा घालून ते एकत्र शिवून तयार केलेले अंथरूण वा पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. चार पदरी गोधडीस चौघडी व तान्ह्या मुलासाठी केलेल्या लहान, पातळ गोधडीस दुपटे ही नावे रूढ आहेत. उत्तर कर्नाटकातील कौदी, हिंदी भाषिक प्रदेशातील गुदडी, बिहारमधील सुजनी, बंगालमधील कांथा आणि सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थानातील रल्ली ही याच वस्तूची प्रादेशिक रूपे होत. जपानमधील साशिको हे हातशिलाईचे काम व बोरो ही ठिगळांची वस्त्रे यांचे तंत्रही मुळात हेच आहे. सुई, दोरा, जुने कापड आणि सरळ धावदोरा एवढ्याच सामग्रीवर ते उभे आहे [→ भरतकाम].

गोधडीचा इतिहास लिहिताना एक मूलभूत अडचण येते. गोधडी विरली, की तिच्यावर नवे कापड घालून ती पुन्हा शिवतात. ती आणखी झिजली, की दुसऱ्या गोधडीच्या पोटात मधला थर म्हणून जाते आणि अखेरीस तिचे पोतेरे होते. वस्तू जपून न ठेवता पूर्णपणे वापरून संपविणे, हाच तिच्या निर्मितीमागील हेतू असल्यामुळे फार जुने नमुने सहसा हाती लागत नाहीत. तिच्यावर करणारणीचे नाव नसते, मापाची वा मोलाची नोंद नसते. साहजिकच तिचा इतिहास भाषेतील शब्द, धर्मग्रंथांतील नियम, संतचरित्रे आणि ज्या देशांत अशी वस्त्रे वेळीच जतन केली गेली त्यांचा तुलनात्मक अभ्यास, यांच्या आधारेच उभा करावा लागतो.

प्राचीन उल्लेख : चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतमध्ये कंथा असा शब्द असून बंगाली कांथा हा शब्द त्याच्याशी निगडित आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताचे वर्णन करताना शंभर तुकड्यांच्या जीर्ण कंथेचा निर्देश येतो. त्यावरून ठिगळांचे वस्त्र हे दारिद्र्याचे लक्षण असतानाच वैराग्याचेही चिन्ह मानले जात होते, असे दिसते. बौद्ध विनयात हा विचार नियमाच्या स्वरूपात आढळतो. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून भिक्षूने शिवलेल्या चीवरास पांसुकूल म्हणत. मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांकडे पाहून बुद्धाने चीवराची जुळणी तशी करण्यास सुचविले व आनंदाने ती आखणी सिद्ध केली, अशी कथा महावग्गात आहे. वस्त्राचे तुकडे करून ते जोडल्याने त्याचे बाजारमोल जाते आणि चोराला त्याचा मोह उरत नाही, हाही त्यामागील व्यावहारिक विचार होता.

दख्खनमध्ये कापडाची परंपरा जुनी आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात तगराहून भडोच बंदराकडे साधे कापड, तसेच तलम कापड मोठ्या प्रमाणात जात असल्याचा उल्लेख आहे. तेर येथे बौद्ध स्तूपाचेही अवशेष सापडले आहेत. कापसाचा व्यापार आणि चिंध्यांचे चीवर नेसणारा भिक्षुसंघ या दोन्ही गोष्टी या भूमीस परिचित होत्या, एवढे त्यावरून म्हणता येते. आजची गोधडी थेट चीवरापासून निघाली, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

चीवराचा जपानपर्यंतचा प्रवास अधिक स्पष्टपणे दाखविता येतो. बौद्ध धर्माबरोबर काषाय हा शब्द जपानीत केसा या रूपाने गेला व पांसुकूल वस्त्राची कल्पनाही तेथे रुजली. सम्राट शोमू (७०१–५६) याच्या निधनानंतर त्याच्या सम्राज्ञीने नारा येथील तोदाइजी मंदिरास ज्या वस्तू अर्पण केल्या, त्यांत केसा वस्त्रांना अग्रस्थान होते. शोसोइन या भांडारात ती आजही सुरक्षित आहेत. त्यांतील काहींत निरनिराळ्या रंगांचे रेशमी तुकडे एकमेकांवर रचून दाट धावदोऱ्याने शिवलेले आहेत. सम्राटाच्या वस्त्रासाठी चिंध्यांचे तंत्र वापरले गेले आणि मंदिराचा आश्रय मिळाल्यामुळे ते बारा शतकांहून अधिक काळ टिकले.

साशिको : जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बारीक टोचणे’ असा होतो. एदो कालखंडात (१६०३–१८६८) ग्रामीण जपानमध्ये, विशेषतः उत्तरेकडील तोहोकू प्रदेशात, या कामाची भरभराट झाली. तेथील थंड हवेत कापूस पिकत नसे. कापड विणले जाई ते तागासारख्या वनस्पतीच्या धाग्याचे. ते विरळ व गार असे. सध्याच्या आओमोरी प्रांतातील त्सुगारू संस्थानात तर शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास मनाई होती. तेव्हा निळीत रंगविलेल्या त्या कापडाची छिद्रे पांढऱ्या सुती दोऱ्याने बुजवून ते उबदार व टिकाऊ करण्याची रीत स्त्रियांनी काढली. त्सुगारूची कोगिन ही शिलाई कापडाचे विषम संख्येचे धागे मोजून, तर शेजारच्या नांबू भागातील हिशिझाशी ही सम संख्येचे धागे मोजून केली जाते. धागे मोजण्याच्या या शिस्तीतूनच शंकरपाळ्यासारख्या आकृत्या निर्माण झाल्या. दक्षिणेकडून जहाजांनी येणाऱ्या जुन्या सुती चिंध्यांना या भागात मोठी मागणी असे. त्यांची ठिगळे पिढ्यान्‌पिढ्या लावून बनलेली अंथरुणे व अंगरखे म्हणजेच बोरो होत. एदो (सध्याचे टोकिओ) शहरातील अग्निशामक दलाचे लोक दाट साशिको केलेले जाड अंगरखे पाण्यात भिजवून अंगावर घालीत. १८९१ मध्ये आओमोरीपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर स्वस्त सुती माल सुलभ झाला व कोगिनची निकड ओसरू लागली.

महाराष्ट्रातील परिस्थिती याहून वेगळी होती. काळ्या मातीच्या या प्रदेशात कापसाची वाण नव्हती, वाण होती ती पैशाची. त्यामुळे येथे विरळ कापड भरून काढण्याचा प्रश्न नव्हता. मऊ झालेले सुती थर एकमेकांस घट्ट बांधण्याचा होता. जपानी कामातील सौंदर्य टाक्यांच्या आकृतीत असते, तर मराठी गोधडीतील सौंदर्य मुख्यतः तुकड्यांच्या रंगसंगतीत असते आणि टाके सरळ, समांतर ओळींनी चालतात. हा भेद कल्पकतेतील नसून कच्च्या मालातील आहे.

मराठी परंपरा : मराठी संतपरंपरेत शिवणकामाचे स्थान लक्षणीय आहे. संत नामदेव (परंपरेनुसार १२७०–१३५०) हे शिंपी होते. शिखांच्या आदिग्रंथात त्यांच्या नावे असलेल्या एका पदात मन, जिव्हा व नामस्मरण यांना गज, कात्री, सुई व दोरा यांची रूपके दिली आहेत. गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोकांत गोधडे महाराज या नावानेही ओळखले जात. भाषेतही या वस्तूने खुणा ठेवल्या आहेत. खोगिराच्या आत टाकाऊ चिंध्या भरीत, त्यावरून निरुपयोगी भरणा या अर्थी ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ व ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावावे’ या म्हणी ज्या घरांत घडल्या, त्या घरांत अंथरुणाची लांबी व ठिगळाचे मोल रोज मोजावे लागत होते.

गोधडीचे माप लुगड्याने ठरविले. नऊ वारी लुगडे सु. ८·२ मी. लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या, की सु. दोन मीटर लांबीचे, म्हणजे एका माणसास पुरेल अशा अंथरुणाचे चार थर मिळतात. दोन लुगडी व मधे धोतर, सदरे, परकर यांचे तुकडे एवढ्यात हिवाळ्यास पुरेशी गोधडी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांमुळे कापडाचा पुरवठा वाढला. सोलापूर येथे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाली व पुढे ते शहर वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. गिरणीचे कापड गावोगाव पोहोचले, तसे गोधडीत येणाऱ्या तुकड्यांचे रंग व छपाई यांत वैविध्य आले. खण, इरकली काठ, चौकटीचे सदरे आणि मुलांचे गणवेश शेजारीशेजारी बसू लागले.

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील अणदूर (ता. तुळजापूर, जि. धाराशिव, २०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) व त्याच्या भोवतालचा प्रदेश या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखा आहे. हे गाव नळदुर्गजवळ असून येथील खंडोबाचे वास्तव्य वर्षाचा काही काळ अणदुरात व काही काळ नळदुर्गात असते. एका बाजूस सोलापूरच्या गिरण्यांची व हातमागांची बाजारपेठ आणि दुसऱ्या बाजूस कर्नाटकाची सीमा, असे या भागाचे स्थान आहे. सीमेच्या अलीकडे गोधडी म्हटले जाते, पलीकडे कौदी; वस्तू मात्र तीच राहते. कमी पावसाच्या या पट्ट्यात रब्बी ज्वारीची रास घरात आली, की पेरणीपर्यंत शेतीची कामे कमी असतात. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत सावलीच्या जागी गोधड्या शिवण्याचे काम निघते. धुतलेले जाड कापड लवकर वाळते आणि पावसाळा व हिवाळा यांपूर्वी पांघरूण तयार होते. तोहोकूमधील स्त्रिया हेच काम बर्फाने घरात कोंडलेल्या लांब हिवाळ्यात करीत. शेतकरी कुटुंबातील स्त्रीचा रिकामा वेळ हा दोन्हीकडे ऋतूने दिलेला व लगेच कामी लावलेला वेळ होता.

साहित्य व कृती : गोधडीसाठी धुऊन खळ गेलेले सुती कापड उत्तम. नवे कापड ताठ असते व धुतल्यावर आटते, म्हणून ते शक्यतो वरच्या थरापुरतेच वापरतात. कापडाखेरीज लांब व जाड सुई, पीळदार सुती दोरा, कात्री आणि बोटात घालण्यास अंगुस्तान एवढे पुरते.

प्रथम तळाचे कापड सपाट जमिनीवर सुरकुती न ठेवता अंथरतात व त्याच्या कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर मधले थर पसरताना कापडाचे जोड एकावर एक येऊ देत नाहीत, नाहीतर तेथे गाठ जाणवते. सर्वांत वर शोभेचा थर येतो. तो अखंड लुगड्याचा असेल किंवा चौकोनी व त्रिकोणी तुकड्यांचा असेल. मग लांबलांब कच्चे टाके घालून सर्व थर तात्पुरते बांधतात, कडा आत दुमडतात आणि पक्क्या धावदोऱ्यास कडेपासून प्रारंभ करतात. कडेशी समांतर ओळी घालीत चौकटीत चौकट अशा रीतीने मध्याकडे येण्याची पद्धत सर्वत्र आढळते. शिवणारी गोधडीवरच बसते व काम सरकेल तशी स्वतः सरकते. ओळींतील अंतर साधारणपणे बोटभर असते. एका माणसाच्या गोधडीत असे अंतर राखले, तर सु. दीडशे मीटर लांबीचा धावदोरा हाताने घालावा लागतो. घरातील एका साध्या पांघरुणात किती श्रम सामावलेले असतात, हे या हिशेबावरून लक्षात येते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी याच रीतीने कडेपासून मध्याकडे शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना फुले म्हणतात व त्यांच्यावाचून कवंदी उघडी समजली जाते.

साशिकोमध्ये आकृती आधी कापडावर रेखाटतात. अशा कामास मोयोझाशी म्हणतात. आडव्याउभ्या सरळ रेषांवर एकेक टाका घालून आकृती साधणाऱ्या प्रकारास हितोमेझाशी म्हणतात. तागाचे पान (असानोहा), समुद्राच्या लाटा (सेइगाइहा), एकमेकांत गुंतलेली वर्तुळे (शिप्पो) व तेंदूवर्गीय काकी फळाचे फूल ही परिचित रेखाटने होत. लांब सुईवर कापडाच्या चुण्या घेत एका दमात अनेक टाके भरतात, मग दोरा ओढून बोटांनी कापड सपाट करतात. ही सपाट करण्याची क्रिया वगळली, तर कापड आक्रसते. वरचा टाका खालच्यापेक्षा किंचित लांब, साधारणपणे तीनास दोन या प्रमाणात ठेवतात. त्यामुळे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. जेथे अनेक रेषा मिळतात, तेथे टाके एकमेकांवर न चढविता मध्यबिंदू मोकळा सोडतात. कोपऱ्यावर वळताना मागील बाजूस दोरा थोडा सैल ठेवतात.

नवशिक्यास दोन्ही परंपरा एकच क्रम घालून देतात. प्रथम एक सरळ ओळ सारख्या टाक्यांनी पूर्ण करावयाची, मग तिला समांतर दुसरी. आकृती व रंगसंगती यांचा विचार त्यानंतर येतो. आरंभी दोन-तीन थरांचे दुपटे किंवा हातभर लांबीचे कापड घेणे सोयीचे असते. टाके लहान असण्यापेक्षा ते सारखे असणे महत्त्वाचे, आणि दोरा इतकाच ओढावा की थर एकमेकांस धरतील पण कापडाला चुणी पडणार नाही. हे शिक्षण पुस्तकातून क्वचितच झाले आहे. आजी, आई, सासू व शेजारीण एकाच गोधडीच्या चार बाजूंना बसत आणि मुलगी त्यांच्या हाताकडे पाहून शिके. चुकलेली ओळ उसविण्याचे काम बहुधा तिच्याकडेच येई.

सामाजिक आशय : तान्ह्या मुलास कोऱ्या कापडाऐवजी वापरून मऊ झालेले कापड घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. बाळंतविड्यात झबली, कुंची यांबरोबर दुपटी देतात व ती पुष्कळदा आजीच्या लुगड्याची असतात. जपानमध्ये कानाझावा परिसरात अनेक घरांतून मागून आणलेल्या तुकड्यांचे लहान मुलांचे अंगरखे करीत. ज्यांच्या घरचे तुकडे त्यांचे आयुष्य मुलास लाभावे, अशी त्यामागे श्रद्धा होती. महाराष्ट्रात खंडेनवमीस इतर हत्यारांबरोबर शिवणाची साधनेही पुजली जातात, तर जपानमध्ये वर्षातून एक दिवस मोडलेल्या सुया मऊ खाद्यपदार्थात खोचून त्यांना निरोप देतात. अशा रूढींतून साधनाविषयीची कृतज्ञता व्यक्त होते. ते साधन चालविणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची मात्र दोन्ही समाजांत दीर्घकाळ गणना झाली नाही. घरासाठी शिवलेल्या गोधडीस मोल नव्हते. इतरांसाठी मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियांच्या कामाकडेही कारागिरी म्हणून क्वचितच पाहिले गेले.

जतन व सद्यःस्थिती : विसाव्या शतकात या वस्त्रांकडे पाहण्याची दृष्टी काही ठिकाणी बदलली. जपानमध्ये यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी सामान्य माणसाच्या नित्य वापरातील वस्तूंत सौंदर्य असते, हा विचार मांडला, कोगिनकडे जाणकारांचे लक्ष वेधले व १९३६ मध्ये टोकिओ येथे लोककला संग्रहालय उभारले. पुढे तानाका चुझाबुरो यांनी आओमोरीच्या खेड्यांतून जुने कपडे घरोघर फिरून जमविले. त्यांच्या संग्रहातील साशिको वस्त्रांना १९८३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला. ज्यांच्या घरचे हे कपडे होते, त्यांना ते दारिद्र्याची खूण म्हणून दाखविण्याचीही लाज वाटे. बंगालमध्ये गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी कांथा जमविल्या व १९६३ मध्ये त्यांच्या संग्रहाचे कोलकात्याजवळ संग्रहालय झाले. महाराष्ट्रातील गोधडीस त्या काळात असा संग्राहक लाभला नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गीता खंडेलवाल यांचा महाराष्ट्रातील गोधड्यांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोपर्यंत तिच्याविषयी स्वतंत्र लेखन विरळच होते.

दरम्यान कच्चा मालच बदलला. सुती नऊ वारी लुगड्याचा वापर घटला. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घाम शोषीत नाहीत आणि निसरड्या असल्याने त्यांचे थर धावदोऱ्याने नीट धरले जात नाहीत. सोलापूरच्या जुन्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या आणि यंत्रावर तयार झालेली स्वस्त ब्लँकेटे खेड्यांच्या बाजारात आली. दुसऱ्या बाजूस महिला आर्थिक विकास महामंडळासारख्या (स्था. १९७५) संस्थांच्या प्रोत्साहनाने वाढलेल्या बचत गटांतून गोधडी विक्रीयोग्य वस्तू म्हणून पुढे आली, तसेच शहरी हौशी वर्गात साशिको शिकण्याची आवड निर्माण झाली. विक्रीच्या गोधडीस नवे कापड व यंत्राची शिलाई वापरण्याकडे कल असतो. त्यामुळे उत्पन्न मिळते, परंतु जुन्या कापडाची निवड, थरांची रचना व हाताच्या टाक्याचा ताण यांविषयीचे ज्ञान त्यातून पुढे जातेच असे नाही.

साशिकोचे नियम आज जगभर शिकविता येतात, याचे कारण ती वस्त्रे संपण्यापूर्वी कोणीतरी ती जमविली, टाके मोजले आणि आकृत्यांची नावे लिहून ठेवली. मराठी गोधडीच्या बाबतीत जुनी वस्तू हाती नसली, तरी ती शिवणारे हात अजून गावोगाव आहेत. कोणत्या घरात कोणते कापड कोठे घालतात, ओळ कोठून सुरू करतात, कोणत्या तुकड्यास काय म्हणतात, याची त्यांच्याकडून तालुकावार नोंद घेणे, हेच या विषयाच्या पुढील अभ्यासाचे मुख्य साधन ठरणार आहे.